संगणकीय प्रकल्पांची पूर्वसिद्धता : दोन उदाहरणांची तुलना

१

एखाद्या मोठ्या कार्याच्या प्रत्यक्ष निर्मितीपूर्वी जी सिद्धता करावी लागते, तिचा विचार बहुधा निव्वळ व्यवहाराचा भाग म्हणून केला जातो. ती समीक्षेचाही विषय होऊ शकते, असे सहसा मानले जात नाही. चित्रपटाच्या व्यवसायात या सिद्धतेला 'प्री-प्रॉडक्शन' असे नाव रूढ आहे. पटकथा पक्की करणे, चित्रणस्थळे निवडणे, दिवसांचा व खर्चाचा अंदाज बांधणे, कलावंत व तंत्रज्ञ नेमणे ही सर्व कामे तिच्यात अंतर्भूत होतात. पुढे डिजिटल माध्यमातील प्रकल्प सुरू झाले तेव्हा त्यांनी हीच संज्ञा आणि तिच्याबरोबर हीच कार्यसूची उचलली. या विषयावरील मार्गदर्शक पुस्तकांत उद्दिष्ट, प्रेक्षकवर्ग, संहिता, पडद्यांचा क्रम दाखविणारा आराखडा, वेळापत्रक आणि अंदाजपत्रक अशी प्रकरणे साधारणतः आढळतात. त्यांची उपयुक्तता वादातीत आहे.

तथापि चित्रपट आणि डिजिटल संग्रह यांत एक मूलभूत भेद आहे. चित्रपट पूर्ण झाला की पटकथेचे काम संपते. प्रेक्षकाला चित्रपट पाहण्यासाठी ती हाती असावी लागत नाही. डिजिटल संग्रहात मात्र पूर्वसिद्धतेच्या काळी ठरविलेले वर्णन त्या संग्रहाच्या अंगी कायमचे मुरते. 'एक नोंद' कशाला म्हणावयाचे, त्या नोंदीचे भाग कोणते, ते कोणत्या खुणेने ओळखावयाचे, हे प्रारंभी जसे ठरते त्याच मर्यादेत पुढचा प्रत्येक वाचक त्या संग्रहाला प्रश्न विचारू शकतो. या दृष्टीने पाहता डिजिटल प्रकल्पाची पूर्वसिद्धता हे मुख्यतः वर्णनाची भाषा निश्चित करण्याचे कार्य ठरते. यंत्र, मुदत व पैसा यांचा विचार अवश्य करावा. परंतु तो या निश्चितीच्या मागून यावा.

या विधानाची परीक्षा करण्यास इंग्लंडमधील दोन प्रकल्प विशेष सोयीचे आहेत. एक बी.बी.सी.चा 'डूम्सडे प्रकल्प' आणि दुसरा 'ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी' या महाकोशाचे संगणकीकरण. दोन्हींचे काम १९८४ पासून सुरू झाले. दोन्हींच्या पाठीशी नामांकित संस्था होत्या, दोहोंत यंत्र-उद्योगांचा सहभाग होता आणि दोन्ही कामे ठरल्या सुमारास पार पडली. असे असूनही त्यांची पुढील वाटचाल अगदी भिन्न झाली. या भिन्नतेचे कारण पूर्वसिद्धतेत शोधावे लागते.

२

इंग्लंडचा राजा पहिला विल्यम याने १०८५ च्या नाताळात ग्लॉस्टर येथे आपल्या राज्यातील जमिनींची पाहणी करण्याचे ठरविले आणि १०८६ मध्ये ती झाली. तिची नोंदवही 'डूम्सडे बुक' या नावाने प्रसिद्ध आहे. पाहणीस गेलेल्या अधिकाऱ्यांजवळ ठरावीक प्रश्नांची यादी होती. जहागिरीचे नाव काय, एडवर्ड राजाच्या काळी ती कोणाकडे होती, आता कोणाकडे आहे, नांगर किती, माणसे किती, उत्पन्न पूर्वी किती व आता किती, असे ते प्रश्न होते. उत्तरे परगण्यावार आणि परगण्यात जमीनधारकाच्या क्रमाने मांडली गेली. आजच्या परिभाषेत बोलावयाचे तर त्या पाहणीची पूर्वसिद्धता म्हणजे ही प्रश्नावली होय. राजाला काय जाणून घ्यावयाचे आहे हे आधी ठरले, मग त्यानुसार नोंदीचे एकक ठरले, आणि लेखकांनी चर्मपत्रावर लेखणी चालविली ती त्यानंतर.

या घटनेला ९०० वर्षे पूर्ण होण्याच्या निमित्ताने बी.बी.सी.ने नवा 'डूम्सडे' तयार करण्याचे ठरविले. ॲकॉर्न, फिलिप्स व लॉजिका या कंपन्या त्यात सहभागी झाल्या. देशाच्या नकाशावर ४ किलोमीटर रुंद व ३ किलोमीटर उंच असे चौकोन आखण्यात आले. प्रत्येक चौकोनाविषयी तेथील शाळांनी व मंडळांनी मजकूर आणि छायाचित्रे पाठवावीत, अशी योजना होती. सुमारे दहा लाख लोकांनी तीत भाग घेतला. १९८६ मध्ये दोन लेझर तबकड्या प्रसिद्ध झाल्या. एकीवर हे लोकांनी पाठविलेले साहित्य होते, दुसरीवर शासकीय आकडेवारी व इतर राष्ट्रीय स्वरूपाची माहिती होती. लोकसंघटनेच्या दृष्टीने पाहता या प्रकल्पाची पूर्वसिद्धता आदर्शवत होती. शाळाशाळांतून काम वाटून देणे, ते ठरलेल्या साच्यात परत मिळविणे आणि वर्धापनवर्ष न चुकविता ते प्रसिद्ध करणे, ही सामान्य कामगिरी नव्हे.

दोष दिसतो तो वर्णनाच्या बाजूस. चौकोनाचे ४ : ३ हे प्रमाण त्या काळच्या दूरचित्रवाणीच्या पडद्याच्या प्रमाणाशी तंतोतंत जुळते. नकाशा पडद्यावर नीट बसण्यास ते सोयीचे खरे. पण गाव, खेडे, वस्ती ही माणसांची एकके या चौकोनांच्या रेषा पाळत नाहीत. रेषेवर वसलेले गाव दोन नोंदींत विभागले जाते, आणि एका चौकोनात परस्परांशी संबंध नसलेल्या दोन वस्त्या एकत्र येतात. १०८६ च्या पाहणीत एकक विषयातून निघाले होते. १९८६ च्या पाहणीत ते दाखविण्याच्या साधनाशी जुळविलेले दिसते.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. हे साहित्य विशिष्ट तबकडी, ती वाचणारे फिलिप्सचे विशिष्ट यंत्र आणि त्याला जोडलेला ॲकॉर्नचा विशिष्ट संगणक यांच्या एकत्र साह्यानेच वाचता येत असे. मजकूर अंकरूपात होता, तर छायाचित्रे दूरचित्रवाणीच्या चित्रांप्रमाणे वेगळ्या, अंकेतर पद्धतीने साठविली होती. संपूर्ण संचाची किंमत सुमारे ५,००० पौंड होती. त्यामुळे ज्या शाळांनी मजकूर पुरविला त्यांतील कित्येकांना तो वाचण्याचे साधन घेणे परवडले नाही. पुढे ती यंत्रे बाजारातून गेली. पंधरा-सोळा वर्षांतच हे साहित्य वाचता येईनासे होण्याच्या मार्गावर आले, आणि २००२ मध्ये लीड्स व मिशिगन या विद्यापीठांच्या संशोधकांना जुन्या संगणकाचे अनुकरण करणारी आज्ञावली रचून त्याचा पुनरुद्धार साधावा लागला. चित्रांच्या मूळ फिती जपून ठेवलेल्या होत्या म्हणून त्यांवरून चित्रे नव्याने उतरविता आली. २०११ मध्ये बी.बी.सी.ने लोकांचे साहित्य संकेतस्थळावर आणले. २०१८ मध्ये तेही बंद झाले व त्याची प्रत राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संग्रहात राहिली. त्याच अभिलेखागारात १०८६ चे चर्मपत्र आहे, आणि लॅटिन जाणणारा कोणीही ते आज वाचू शकतो.

ही तुलना वारंवार केली जाते व तिच्यावरून डिजिटल साधने क्षणभंगुर असतात असा निष्कर्ष काढला जातो. तो पुरता यथार्थ नाही. याच सुमारास सुरू झालेला दुसरा प्रकल्प त्याच्या विरुद्ध साक्ष देतो.

३

'ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी'चा पहिला भाग १८८४ मध्ये आणि शेवटचा १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९७२ ते १९८६ या काळात रॉबर्ट बर्चफील्ड यांच्या संपादकत्वाखाली चार पुरवणीखंड निघाले. एकच शब्द पाहण्यासाठी दोन वर्णानुक्रम चाळावे लागत. मूळ कोश व पुरवण्या यांचा एक क्रम लावून नवी आवृत्ती सिद्ध करावी, आणि त्यासाठी सर्व मजकूर संगणकात आणावा, असे ठरले. जॉन सिम्प्सन व एडमंड वायनर हे संपादक होते, आय.बी.एम. या कंपनीने यंत्रे व माणसे दिली. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाने शोधाची व रूपांतराची साधने निर्माण केली. मजकूर सुमारे ३५ कोटी अक्षरचिन्हांचा होता. तो यंत्राने वाचून घेण्याइतके साधन तेव्हा उपलब्ध नसल्यामुळे अमेरिकेत सुमारे १२० टंकलेखकांनी दीड वर्षात तो कळफलकावर उतरविला, आणि इंग्लंडमध्ये सुमारे ५५ मुद्रितशोधकांनी तो तपासला.

हे आकडे मोठे आहेत; परंतु प्रकल्पाचे मर्म त्यांत नाही. मर्म आहे ते टंकलेखनापूर्वी विचारलेल्या एका प्रश्नात : छापील पानावरील टाइपाचा जो भेद दिसतो, तो कशाचा भेद आहे? कोशात तिरपा टाइप अनेक कामांसाठी वापरला होता. शब्दाची व्याकरणिक जात दाखविणारे संक्षेप तिरप्या टाइपात, व्युत्पत्तीत येणारे परभाषेतील शब्दही तिरप्या टाइपात, आणि अवतरण ज्या ग्रंथातून घेतले त्या ग्रंथाचे नावही तिरप्या टाइपात. डोळ्याला या तिन्हींत भेद दिसत नाही. वाचक तो संदर्भावरून जाणतो. यंत्राला केवळ 'येथे तिरपा टाइप' एवढेच सांगितले असते, तर पान पुन्हा हुबेहूब छापता आले असते, पण ग्रंथनामे वेगळी काढता आली नसती. म्हणून टंकलेखनाबरोबरच खुणा घालण्यात आल्या, आणि त्यानंतर कोशाच्या नोंदीचे एक व्याकरणच लिहून त्या आधारे या बाह्य खुणांचे अर्थवाचक खुणांत रूपांतर करण्यात आले. हा शब्द, हा त्याचा उच्चार, ही व्युत्पत्ती, हा अर्थ, हे अवतरण, हे त्याचे वर्ष, हा कर्ता, हे ग्रंथनाम, असे नोंदीचे अवयव स्वतंत्रपणे ओळखता येऊ लागले.

'नोंदीचे व्याकरण' हा शब्दप्रयोग येथे आलंकारिक नाही. वाक्यात पदांचा क्रम व परस्परसंबंध जसे नियमांनी सांगता येतात, तसे कोशाच्या नोंदीतही सांगता येतात. ते सांगता आले याचे श्रेय बऱ्याच अंशी १८७९ मध्ये संपादकत्व स्वीकारणाऱ्या जेम्स मरे यांच्याकडे जाते. त्यांनी घालून दिलेली मांडणीची शिस्त इतकी काटेकोर होती की शंभर वर्षांनंतर तिच्यातून नियम काढता आले. मरे यांच्यासमोर संगणक नव्हता; पण वर्णनाची भाषा त्यांनी निश्चित केली होती.

या सिद्धतेचे फळ टप्प्याटप्प्याने दिसून आले. १९८९ मध्ये वीस खंडांची दुसरी आवृत्ती निघाली. तीत सुमारे २,९१,५०० नोंदी व सुमारे २४ लाख अवतरणे होती. उच्चार स्वतंत्रपणे ओळखता येत असल्यामुळे मरे यांची स्वतःची उच्चारलेखनपद्धती काढून तेथे आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी आणता आली. १९९२ मध्ये तोच मजकूर तबकडीवर आला आणि २००० मध्ये संकेतस्थळावर गेला. साधने तीन वेळा पालटली. मजकूर पुन्हा टंकलिखित करावा लागला नाही. व्युत्पत्तीचा अवयव वेगळा असल्यामुळे मराठीतून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचा शोधही शक्य झाला. मुंगुसासाठी असलेला 'मंगूस' हा इंग्रजी शब्द मराठी मूळाचा आहे, हे छापील कोशातही नमूद होते. परंतु त्याचे सर्व सहोदर एकत्र मिळविण्यास पूर्वी हजारो पाने वाचण्यावाचून गत्यंतर नव्हते.

या प्रकल्पात उणिवा नव्हत्या असे नाही. दुसऱ्या आवृत्तीत जुन्या नोंदींचे सर्वांगीण पुनःसंशोधन झाले नाही. एकोणिसाव्या शतकातील व्याख्या विसाव्या शतकातील पुरवण्यांशेजारी तशाच राहिल्या. त्यामुळे वीस खंडांचे ते नवे रूप कित्येक ठिकाणी जोडकाम वाटते, हा आक्षेप योग्य आहे. मात्र एकत्रीकरण आधी व संशोधन नंतर हा क्रम संपादकांनी जाणून स्वीकारला होता. सर्व नोंदींच्या पुनःसंशोधनाचे काम पुढे हाती घेण्यात आले आणि २००० पासून, 'एम्' या अक्षरापासून आरंभ करून, त्याचे भाग प्रसिद्ध होऊ लागले. काय करावयाचे नाही हेही पूर्वसिद्धतेतच ठरवावे लागते, एवढेच यावरून म्हणता येईल.

४

दोन्ही प्रकल्पांची तुलना करताना 'डूम्सडे'वर अन्याय होऊ नये. कोशकारांसमोर तयार ग्रंथ होता, तर बी.बी.सी.ला सर्व साहित्य नव्याने गोळा करावयाचे होते. कोशात चित्रे नव्हती. चित्रे मोठ्या संख्येने अंकरूपात साठविणे १९८६ मध्ये अतिशय खर्चाचे होते. वर्धापनवर्षाची मर्यादाही ओलांडता येण्यासारखी नव्हती. या साऱ्या अडचणी मान्य केल्या तरी एक प्रश्न उरतो. मजकूर तरी यंत्रनिरपेक्ष रूपात, कोणत्याही संगणकास वाचता येईल अशा साध्या अक्षरसंकेतात, वेगळा जतन करावा व त्याची जबाबदारी एखाद्या ग्रंथालयाकडे सोपवावी, हे प्रारंभीच ठरविता आले असते काय? अक्षरसंकेत तेव्हा रूढ होते आणि मजकुराच्या अवयवांना खुणा करण्याच्या पद्धतीस आंतरराष्ट्रीय प्रमाणाचे रूप १९८६ मध्येच मिळाले. उणीव साधनांची नव्हती. प्रकल्पाची कल्पनाच 'तबकडी' अशी केली गेली. 'संग्रह, आणि त्याची आजची एक तबकडी' अशी केली गेली नाही. चित्रांच्या मूळ फिती टिकल्या, ही नशिबाची गोष्ट म्हणावयाची की कोणा दक्ष कर्मचाऱ्याची, हे बाजूस ठेवले तरी तबकडीच्या आराखड्याचे ते फळ नव्हते, असेच म्हणावे लागते.

५

या दोन परदेशी उदाहरणांचा मराठीशी संबंध दूरचा वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः तो अत्यंत निकटचा आहे. कारण टाइपाचे दृश्यरूप जतन करावे की त्यामागील रचना, हाच प्रश्न मराठीत थेट अक्षराच्या पातळीवर उद्भवला.

१९९० च्या दशकात मराठी पुस्तके व नियतकालिके जुळविण्यासाठी जे अनेक फाँट वापरले गेले, त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांचे तुकडे बसविलेले होते. कोणता तुकडा कोणत्या जागी, हे प्रत्येक निर्मात्याचे वेगळे. 'कि' हे अक्षर लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी व 'क' नंतर असे साठविले जाई, कारण कागदावर ती डावीकडे दिसते. उच्चारात मात्र व्यंजन आधी व स्वर नंतर. छपाई सुबक होत असे, पण फाँट नाहीसा झाला की मजकुराच्या जागी रोमन अक्षरांची निरर्थक रांग उरे. भारतीय लिप्यांसाठीचे उच्चारानुसारी राष्ट्रीय प्रमाण १९९१ मध्ये सिद्ध होते आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. तरीही छापील पान हेच अंतिम फळ मानल्यामुळे कित्येक संस्थांचे त्या काळचे संगणकीय साहित्य आज रूपांतराची खटपट केल्याविना वाचता येत नाही. 'डूम्सडे'ची गोष्ट मराठीत अशी शांतपणे घडून गेली.

युनिकोडमुळे हा प्रश्न पुष्कळसा सुटला. सर्वस्वी सुटला नाही. 'आचार्यास' व 'आचाऱ्यास' या जोडीतील दुसऱ्या शब्दाचा 'ऱ्य' दोन प्रकारांनी साठविता येतो. दिसण्यात एक असलेले शब्द शोधताना दोन ठरतात. 'ॲ' या अक्षरास स्वतंत्र संकेत २००८ मध्ये मिळाला. त्यापूर्वीचे साहित्य 'अ' व चंद्र यांच्या जोडीने लिहिलेले आढळते. युनिकोडच्या संकेतक्रमात 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढे येतो, तर मराठी वर्णमालेत तो 'ह'च्या नंतर येतो. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयातही हाच मराठी क्रम आहे. कोणतीही सूचना न देता शब्दांचा क्रम यंत्रावर सोपविला, तर कोश मराठी राहत नाही. या बाबी काम सुरू होण्यापूर्वी लिहून ठेवल्या तर एका पानात मावतात. काम झाल्यावर दुरुस्त करू गेल्यास लक्षावधी शब्द तपासावे लागतात.

कोशांच्या बाबतीत आणखी एक पायरी आहे. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दाते व कर्वे यांचा १९३२ ते १९५० या काळातील 'महाराष्ट्र शब्दकोश' हे शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशप्रकल्पामुळे संगणकावर शोधता येतात. मराठीच्या अभ्यासकांवर हा मोठा उपकार आहे. अशा कार्याचा पुढचा टप्पा आखताना ऑक्सफर्डच्या तिरप्या टाइपाचे स्मरण ठेवणे इष्ट होईल. 'महाराष्ट्र शब्दकोशा'त गोल कंस अनेक कामे करतो : 'ल.' हा लाक्षणिक अर्थाचा संक्षेपही कंसात, आणि 'गो.' हा गोमंतकातील प्रयोगाचा संक्षेपही कंसात. कंस केवळ कंस म्हणून उतरविला तर पान दिसावयास अचूक होईल. परंतु गोमंतकात नोंदविलेले सर्व शब्द एकत्र काढून त्यांचा विचार करावा अशी इच्छा बोलींच्या अभ्यासकास झाली, तर 'येथे प्रदेश' व 'येथे अर्थप्रकार' असे भेद आधी केलेले असावे लागतील.

शुद्धलेखनाचा प्रश्नही असाच आहे. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ मध्ये मान्य झाले, त्यापूर्वीच्या या कोशांत 'नांव' म्हणजे संज्ञा आणि 'नाव' म्हणजे होडी असा लेखनात भेद आहे. आजचा विद्यार्थी 'नाव' असे लिहून शोध घेईल तर त्याला होडी सापडेल व नाव हरवेल. जुने लेखन पुसून नवे घालणे हा यावर उपाय नव्हे. त्यायोगे भाषेच्या इतिहासाचा पुरावाच नष्ट होतो. मूळ लेखन व आजचे लेखन ही दोन्ही एकाच नोंदीच्या दोन स्वतंत्र अवयवांत ठेवली, तर अभ्यासक व सामान्य वाचक या दोघांचीही सोय होते. परंतु त्या दोन अवयवांची तरतूद पहिली नोंद टंकलिखित होण्यापूर्वीच व्हावयास हवी.

यावर असा आक्षेप येईल की ऑक्सफर्डजवळ पैसा होता, यंत्रे होती, माणसे होती. मराठी संस्थांजवळ यांपैकी काय आहे? आक्षेप खरा आहे, तथापि तो टंकलेखनाच्या खर्चास लागू पडतो, वर्णनाच्या निश्चितीस नव्हे. कोशाची पन्नासेक पाने घेऊन त्यांतील प्रत्येक चिन्हाचे कार्य तपासणे, नोंदीचे अवयव मोजणे, अपवादांची यादी करणे आणि नियम लेखी स्वरूपात ठेवणे, हे काम कोशवाङ्मय जाणणाऱ्या दोन-तीन अभ्यासकांनी काही महिन्यांत करण्याजोगे आहे. त्यास महागड्या यंत्राची आवश्यकता नाही. अशी नियमावली तयार असेल तर काम हप्त्याहप्त्याने, निरनिराळ्या हातांनी व निरनिराळ्या वर्षी झाले तरी त्याचे भाग एकमेकांशी जुळतात. ती नसेल तर भरपूर अनुदान मिळूनही प्रत्येक भाग स्वतंत्र बेट होऊन राहतो.

मराठी विभागांनी व कोशसंस्थांनी म्हणूनच नव्या संगणकीय उपक्रमाच्या प्रस्तावात यंत्रसामग्रीच्या सूचीआधी हे वर्णनपत्र मागावे. त्यात एकक कोणते, अवयव कोणते, अक्षरसंकेत व वर्णक्रम कोणता, मूळ लेखनाची व्यवस्था काय, आणि प्रकल्प संपल्यानंतर साहित्य कोणाच्या हवाली राहणार, एवढ्या पाच बाबींचा खुलासा असला तरी पुष्कळ आहे. मोल्सवर्थचा कोश पावणेदोनशे वर्षे होत आली तरी वाचकांच्या उपयोगी पडतो आहे. त्याचे संगणकीय रूप तितका काळ उपयोगी पडावयाचे असेल, तर त्याच्या तयारीला छपाईच्या तयारीहून अधिक, खुद्द कोशरचनेच्या तयारीइतकेच महत्त्व द्यावे लागेल.